घसारा

बँकेत मला माणसं ओळखण्याचा पगार मिळतो. गेली बावीस वर्षं बडनेऱ्याच्या आसपास मी हेच करतो आहे. खिडकीतून पासबुक आत येतं. त्यावरच्या फोटोतला माणूस आणि खिडकीबाहेरचा माणूस एकच आहे का, ते बघायचं आणि शिक्का मारायचा. काम सोपं वाटतं. पण फोटो आहे तिथेच राहतो आणि माणूस पुढे जातो, ही यातली अडचण.

परवा अंजनगाव बारीकडचे एक आजोबा आले. फोटोत भरघोस काळ्या मिशा. खिडकीत मिशाही नाहीत आणि गालही नाहीत. मी नियमाप्रमाणे म्हणालो, "बाबा, फोटो जुळत नाही. नवीन आणावा लागेल." आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अन् साहेब, हे गयात कोनाचा फोटू हाये? तुमच्या पोट्ट्याचा काय?"

रांग हसली. कॅशियर हसला. नोटा मोजण्याचं यंत्रसुद्धा क्षणभर थांबल्याचा मला भास झाला.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. घसारा म्हणजे काय ते मला प्रथम वर्षालाच शिकवलं होतं. टेबल, पंखा, तिजोरी या सगळ्यांची किंमत दरवर्षी थोडी थोडी खाली आणायची, आणि शेवटी वहीत एक रुपया शिल्लक ठेवायचा, वस्तू अजून जागेवर आहे एवढं कळावं म्हणून. माझं टेबल कधीच एक रुपयावर आलं आहे. टेबलामागच्या माणसाचं काय, हे कुठल्याही ऑडिटरने आजवर विचारलं नव्हतं. ते आजोबांनी विचारलं.

घरी येऊन मी हा किस्सा रंगवून सांगितला. सौ. हसली नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं. दोन दिवसांनी गॅसचं पुस्तक शोधताना त्यात घडी घातलेला एक कागद सापडला. वर अमरावतीच्या एका त्वचारोगतज्ज्ञाच्या दवाखान्याचा फोन नंबर. खाली सौ.च्या टपोऱ्या अक्षरात 'कपाळ', 'डोळ्यांच्या कडा', 'गालावरचे डाग' आणि प्रत्येकापुढे रक्कम. अगदी तळाशी पोस्टातल्या आवर्ती ठेवीची मुदत संपण्याची तारीख. (पोस्टात! नवरा बँकेत असताना! पण तो वेगळा अपमान.)

मी हसलो आणि तीन शब्द बोललो. "आता या वयात?"

"तुम्ही दर तिसऱ्या रविवारी मोरीत बसून केस काळे करता," ती शांतपणे म्हणाली, "ते कोणत्या वयात?"

मग घरात शांतता पसरली. जेवण वेळेवर, मीठ बेताचं, शब्द शून्य.

वादात हरलेला कारकून जुनी फाइल काढतो. चेहऱ्याचं हे खूळ आजकालचं आहे, परदेशी आहे, आपल्या आज्यांना असलं काही सुचत नव्हतं, असं साधार सिद्ध करायचं मी ठरवलं आणि इतिहासात शिरलो. इतिहास पहिल्याच पानावर सौ.ला जाऊन मिळाला.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात, १७९व्या सूक्तात, लोपामुद्रा आपल्या नवऱ्याशी, अगस्त्य ऋषींशी बोलते. तक्रारीचा आशय असा, की रात्रंदिवस कष्ट करून मी दमले, आणि म्हातारपण शरीराची शोभा हिरावून नेतं. आणि ही लोपामुद्रा कुठली? महाभारताच्या वनपर्वाप्रमाणे ती विदर्भाच्या राजवाड्यात वाढलेली राजकन्या. म्हणजे उतरत्या कांतीची इतकी जुनी तक्रार आमच्या वऱ्हाडच्या लेकीच्या नावावर जमा आहे!

महाभारतातली गोष्ट पुढे जास्त मजेची आहे. लोपामुद्रेने नवऱ्याला सांगितलं, मला माहेरी होते तसे दागिने आणि तशी शय्या हवी. अगस्त्यांनी "आता या वयात?" असं विचारलं नाही. ते पैसे आणायला निघाले. एकामागून एक तीन राजांकडे गेले. राजांनी आपला जमाखर्च त्यांच्यापुढे ठेवला, आणि प्रत्येकाची आवक आणि जावक तंतोतंत सारखी निघाली. इथून काही घेतलं तर प्रजेला त्रास होईल, म्हणून ऋषींनी एक पैही घेतली नाही. बायकोच्या हौसेखातर नवऱ्याने तीन राज्यांचं ऑडिट केलं! शेवटी धन मिळालं ते इल्वल नावाच्या असुराकडून. मी ही कथा घरात मोठ्याने वाचणार होतो. वाचली नाही.

मग म्हटलं, निदान विष टोचून चेहरा बदलण्याचं फॅड तरी नवीन असेल. तर विदर्भाचा जावई आडवा आला. दमयंतीचा नल. वणव्यातून वाचवलेला कर्कोटक नाग नलाला म्हणतो, पावलं मोजत चाल. नल मोजतो. दहाव्या पावलाला 'दश' म्हणताच नाग त्याला डसतो, कारण संस्कृतात 'दश' म्हणजे दहाही आणि 'डस' असंही. मोजणाऱ्या माणसाचं असंच होतं, हे मी स्वानुभवाने सांगतो. त्या विषाने नलाचं रूप पालटलं, कुरूप झालं. पण विषाचा खरा त्रास नलाला नव्हता, त्याच्या अंगात शिरलेल्या कलीला होता. पुढे कुंडिनपुरात (म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या, वर्धेकाठच्या कौंडण्यपुरात) दमयंतीने त्याला ओळखलं ते चेहऱ्यावरून नव्हे, त्याच्या हातच्या स्वयंपाकाच्या चवीवरून. या परीक्षेला मला बसवलं तर माझी ओळख मुळीच पटणार नाही.

पुराणं सोडून मी जरा अलीकडे आलो. आमच्या आज्यांच्या काळाची मला खात्री होती. साय, बेसन, हळद, संपलं! पण आजीच्या ट्रंकेत 'स्नो'ची जाड काचेची बाटली होती, हे मलाच आठवलं. अफगाण स्नो हे प्रसाधन मुंबईत पाटणवाला यांनी १९१९ साली काढलं. ज्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो आणि माणसं खिशात कांदा ठेवून फिरतात, तिथल्या बाया तोंडाला बर्फ या नावाची वस्तू चोळत होत्या. सासूबाईंच्या नकळत चोळत असतील, एवढाच फरक. पुढे १९५२ साली टाटांनी फ्रेंच सहकार्याने लॅक्मे सुरू केलं. ते नाव फ्रेंच संगीतिकेतलं, पण त्याच्या मुळाशी आपली लक्ष्मीच.

त्याच १९५२ सालात नागपूरकडच्या केशव विष्णु पेंढरकरांनी विको कंपनी काढली. दात झाले, मग १९७५ साली हळदीची मलई आली. इथे मात्र माझ्यातला वाणिज्य पदवीधर खुर्चीत सरसावून बसला. कारण या मलईवरून जो खटला झाला त्याला तोड नाही. प्रश्न असा, की ही मलई औषध की सौंदर्यप्रसाधन? औषध असेल तर उत्पादन शुल्क कमी, प्रसाधन असेल तर भरभक्कम. कंपनी जाहिरातीत गाऊन सांगत होती की हे प्रसाधन नव्हे. सरकारी खातं म्हणत होतं, तोंडाला लावतात ना, मग प्रसाधनच. औषधाच्या कायद्यात १९६२ साली प्रसाधनांची भर घातली गेली, त्यातली व्याख्या अशी, की स्वच्छतेसाठी, शोभेसाठी किंवा रूप बदलण्यासाठी माणसाच्या अंगाला जे चोळायचं, ओतायचं, शिंपडायचं किंवा फवारायचं ते प्रसाधन. या हिशेबाने रंगपंचमीसुद्धा शुल्कपात्र ठरावी. १९७८च्या सुमारास सुरू झालेलं हे भांडण एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात फिरत राहिलं. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या केंद्रीय उत्पादन शुल्क आयुक्तांचं अपील फेटाळून मलईला आयुर्वेदिक औषध ठरवलं, तेव्हा एकविसावं शतक उजाडलं होतं. खटला सुरू झाला तेव्हा गालाला ती मलई लावणाऱ्या मुली निकालापर्यंत सासवा झाल्या असतील.

सुरकुती हा आजार, की आपली नुसती हौस? भल्याभल्या वकिलांना जे ठरवायला पाव शतक लागलं, ते मी गॅसच्या पुस्तकातला कागद पाहून तीन शब्दांत ठरवून मोकळा झालो होतो.

राहता राहिलं ते बोटॉक्स. हे विष पहिल्यांदा नोंदवलं गेलं जर्मनीत, १८२०च्या सुमारास. बिघडलेले सॉसेज खाऊन माणसं मरत होती. म्हणून त्याचं नावही सॉसेज या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडलं. हे विष स्नायूंना ढिलं करतं. त्याचा अगदी सूक्ष्म डोस तिरळ्या डोळ्यांवर चालतो हे कळल्यावर अमेरिकेत १९८९ साली त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. कपाळाचा शोध मात्र त्याआधी, १९८७ साली, कॅनडातल्या व्हँकुव्हरला लागला. जीन कॅरुथर्स या नेत्रतज्ज्ञ बाई पापण्या फडफडणाऱ्या एका रुग्णाला हे इंजेक्शन देत होत्या. रुग्णबाई रुसल्या, की भुवयांमध्ये का नाही टोचलं? तिथे टोचलं की मी कशी निवांत दिसते! डॉक्टरबाईंचे यजमान त्वचारोगतज्ज्ञ होते. दोघांनी मिळून पहिला प्रयोग कुणावर केला? स्वतःच्याच दवाखान्यातल्या स्वागतिकेवर. म्हणजे काउंटरवरच्या माणसावर. हे वाचून मी आमच्या शाखाधिकाऱ्यांकडे जरा संशयाने पाहिलं. आठ्यांसाठी रीतसर मान्यता यायला २००२ साल उजाडलं. परिणाम टिकतो साधारण तीन-चार महिने. आमच्या भाषेत हा भांडवली खर्च नव्हे, महसुली. दर तिमाहीला पुन्हा नोंद करायची.

पण मला खरा धक्का दिला तो एका ट्रक ड्रायव्हरने. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली त्याचा फोटो छापून आला होता. वय ६९, त्यातली २८ वर्षं स्टिअरिंगवर. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो. त्याचा उजवा गाल साठीचा वाटावा आणि डावा गाल ऐंशीचा, सुरकुत्यांनी नांगरलेला. कारण खिडकीची काच उन्हाचे चटके अडवते, पण कातडीला म्हातारं करणारे उन्हातले अ-गटाचे अतिनील किरण बरेचसे आत सोडते. दुसऱ्या वर्षी ऑस्ट्रेलियातून निकाल आला. तिथे ९०३ माणसांवर साडेचार वर्षं चाचणी झाली होती. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या कातडीचा घसारा, वाटलं तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी भरला.

माझ्या टेबलाच्या उजव्या हाताला पश्चिमेची खिडकी आहे. मी आरशासमोर गेलो आणि पासबुकाने अर्धा चेहरा झाकून पाहिला. मग दुसरा अर्धा झाकला. उजवा गाल डाव्यापेक्षा स्पष्टपणे सेवाज्येष्ठ होता.

त्या रात्री मी सौ.ला म्हणालो, "चौथ्या शनिवारी बँक बंद आहे. अमरावतीला जाऊ."

"तुम्ही कशाला?" ती म्हणाली. पण बोलली.

डॉक्टरबाई तरुण होत्या. सौ.ने कागद काढला आणि एकेक रक्कम घेऊन असे प्रश्न विचारले, की आमच्या ऑडिटरने शिकवणी लावावी. इंजेक्शनने पापणी खाली येते का? क्वचित येते, काही आठवड्यांनी उतरते. मध्येच बंद केलं तर? पहिल्यासारखं होतं, जास्त बिघडत नाही. मग स्वस्त काय? बाई हसल्या. सकाळी सनस्क्रीन, पुरेसं, आणि दुपारी पुन्हा. रात्री 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातलं एक मलम, वाटाण्याएवढंच. पहिले काही आठवडे कातडी लाल होईल, सोलवटेल, घाबरायचं नाही, फरक दिसायला महिने लागतात. (हे मलम मुळात तारुण्यपीटिकांचं. ते वापरणाऱ्या मध्यमवयीन बायकांनीच डॉक्टरांना सांगितलं, की आमच्या सुरकुत्याही कमी दिसतात. डॉक्टरांना पुष्कळ गोष्टी अशाच कळतात.) आणि मेडिकलवाला 'गोरं करणारी' म्हणून जी ट्यूब हातात ठेवतो ती नको. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. आधी चेहरा चकाकतो, मग कातडी पातळ होते. २०१८ साली सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीवाल्या औषधांत घातली आहेत, तरी ती मिळतात.

"इंजेक्शनचं?" बाईंनी विचारलं.

"ठेव दिवाळीला सुटते," सौ. म्हणाली. "तेव्हा ठरवीन. माझे पैसे आहेत."

मी खिडकीबाहेर पाहत होतो. तेवढ्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, "आणि यांना काय होतंय?"

"काही नाही, मी सोबत आलोय."

"इकडे बघा. हा उजव्या गालावरचा खरखरीत डाग किती दिवसांचा?"

मला माहीत नव्हतं. सौ.ला माहीत होतं. "दीड वर्ष झालं. सांगते तर ऐकत नाहीत." बाईंनी भिंग लावून तो डाग पाच मिनिटं न्याहाळला. ती पाच मिनिटं माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीपेक्षा मोठी होती. मग म्हणाल्या, उन्हाने झालाय, आज घाबरण्यासारखं काही नाही, पण सहा महिन्यांनी परत दाखवायचा, विसरायचं नाही. यांनाही सनस्क्रीन. आणि भिंग माझ्या कपाळावरून कानामागे नेत त्यांनी विचारलं, "केसांना काय लावता?"

मी गप्प. सौ.ने ब्रँड सांगितला.

"ही काळपट कड आणि खाज त्याचीच आहे. डायमधल्या रसायनाची ॲलर्जी दिसते. बंद करा. पूर्ण बंद."

सौ. जमिनीकडे पाहत होती. तिचे खांदे हलत होते.

परतीच्या बसमध्ये उजवीकडच्या खिडकीतून दुपारचं ऊन सरळ आत येत होतं. मी सवयीने त्या खिडकीशी बसायला गेलो. सौ.ने हाताला धरून मला मागे ओढलं, डावीकडच्या बाकावर ढकललं, पिशवीतून माझा दुपट्टा काढला आणि म्हणाली, "बांधा नीट. त्या आजोबांनी नवीन फोटो आणून दिला का हो?"

"दिला," मी म्हणालो. "आता मला मागताहेत."