आवाज हवेत होता, पण ऐकायला वीज कुठं होती?

मुक्तिदिनाला आपण हुतात्म्यांना वंदन करतो. रेडिओची आठवण मात्र कुणी काढत नाही.

देश स्वतंत्र झाला तेव्हा संस्थानांची पाच रेडिओ केंद्रं होती. त्यातली दोन निजामाची. एक हैदराबादला, दुसरं आपल्या शहरात. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामानं युद्धबंदी जाहीर केली तीही रेडिओवरूनच. पण खेड्यात ती ऐकणार कोण? बहुतेक गावांत वीजच नव्हती आणि तेव्हाचा रेडिओ वीज खायचा भरपूर.

रेडिओत 'मिक्सर' नावाचा एक भाग असतो. समजा, परभणी आकाशवाणी लावायची आहे, १३०५ किलोहर्ट्झ. सेट स्वतः १७६० ची लहर तयार करतो. मिक्सर दोन्ही लहरी एकत्र करतो आणि त्यातून फरक काढतो, ४५५. मुंबईचं ५५८ लावलं की सेट १०१३ ची लहर करतो. फरक पुन्हा ४५५च! म्हणजे स्टेशन कुठलंही असो, पुढच्या भागाला एकाच आकड्याशी काम. ही युक्ती अमेरिकेच्या आर्मस्ट्राँगची, १९१८ ची.

अडचण होती ती काचेच्या व्हॉल्व्हची. लाईटवरच्या सेटमधला मिक्सरचा एक व्हॉल्व्ह नुसता तापायलाच जवळपास दोन वॅट घ्यायचा. असे चार-पाच व्हॉल्व्ह एका सेटात. मग ट्रान्झिस्टर आला. १९५४ मध्ये अमेरिकेत पहिला खिशातला ट्रान्झिस्टर रेडिओ विकायला आला, त्यात एकच ट्रान्झिस्टर लहर तयारही करायचा आणि मिसळायचाही. खर्च काही मिलिवॅट. सेलवर चालणारा रेडिओ पुढं आपल्याकडं थेट बांधावर पोचला. १९६८ ला परभणी केंद्र सुरू झालं, तेव्हा ते ऐकायला घरात लाईट असायलाच पाहिजे, असं राहिलं नव्हतं.

म्हणजे बातमी गरिबाच्या घरात पोचली ती नुसत्या मोठ्या टॉवरमुळं नाही, कमी वीज खाणाऱ्या सर्किटमुळं.

आज हाच मिक्सर मोबाईलच्या चिपमध्ये आहे. पण बऱ्याच फोनमध्ये एफएम बंद करून ठेवलेलं असतं. ते बंद करू नका, असं केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये कंपन्यांना सांगितलंय. पुरात मोबाईल टॉवर बंद पडला की नेट गेलं. एफएमला मात्र हेडफोनची वायर पुरते, तीच एरियल.

तेव्हा नवा फोन घेताना कॅमेरा बघाच, पण दुकानदाराला एवढंही विचारा, "यात रेडिओ लागतो का?"