कुत्र्यांच्या साहाय्याने होणारी शिकार (महाराष्ट्र)

कुत्र्यांच्या साहाय्याने होणारी शिकार म्हणजे प्रशिक्षित किंवा अर्धप्रशिक्षित कुत्र्यांकडून वन्य प्राण्याचा माग काढणे, त्याला उठवणे, पाठलाग करून पकडणे अथवा बंदुकीच्या टप्प्यात आणणे. महाराष्ट्रात ही पद्धत प्राचीन काळापासून प्रचलित होती. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीनंतर अशी शिकार बेकायदेशीर ठरली. तरीही दख्खनच्या माळरानांवर ससे व हरणे, तर सह्याद्रीच्या पट्ट्यात रानडुक्कर यांची चोरटी शिकार पूर्णपणे थांबलेली नाही. परदेशी दूरचित्रवाणीवरील शिकारविषयक कार्यक्रम आणि समाजमाध्यमांवरील चित्रफिती यांमुळे शिकारीचे आकर्षण, कुत्र्यांची हेळसांड आणि बंदुकीची असुरक्षित हाताळणी हे प्रश्न नव्याने चर्चेत आले आहेत.

संज्ञा

मराठीत शिकारीसाठी ‘पारध’ व ‘मृगया’ हे शब्दही रूढ आहेत. पारध करणारा तो पारधी. पुढे हा शब्द एका समाजाचे नाव बनला. आरडाओरडा करून व ढोल वाजवून जनावराला लपणीतून बाहेर काढण्यास ‘रान उठवणे’ किंवा ‘हाका घालणे’ म्हणतात, आणि हे काम करणारे ते ‘हाकारे’.

शिकारी कुत्र्यांचे कामानुसार ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला गट नजरेने भक्ष्य हेरून वेगाने पाठलाग करणाऱ्या, सडपातळ व लांब पायांच्या कुत्र्यांचा. दुसरा गट वासावरून माग काढणाऱ्यांचा. तिसऱ्या गटात बंदुकीबरोबर काम करणारे कुत्रे येतात. पॉइंटर व सेटर पक्ष्याची जागा दाखवतात, स्पॅनियल पक्षी उठवतो आणि रिट्रीव्हर पडलेला पक्षी आणून देतो. महाराष्ट्रातील देशी शिकारी कुत्री प्रामुख्याने पहिल्या गटात मोडतात. तिसऱ्या गटातील जाती युरोपात विकसित झाल्या व ब्रिटिश अधिकाऱ्यांबरोबर भारतात आल्या.

इतिहास

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठा येथील १७ क्रमांकाच्या लेण्यात सुतसोम जातकाचे चित्रण आहे. त्यातील राजाच्या शिकारीच्या प्रसंगात घोडेस्वारांबरोबर कुत्रेही रंगवलेले आहेत. ही चित्रे साधारणपणे इ.स. च्या पाचव्या शतकातील मानली जातात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकीच्या प्रकारांमध्ये मृगयाविनोद आणि सारमेयविनोद, म्हणजे शिकार व कुत्री, यांचा स्वतंत्र विचार केला आहे. सोमेश्वराची राजधानी कल्याणी म्हणजे आजच्या मराठवाड्याच्या सीमेलगतचे बसवकल्याण होय.

लोकधर्मातही कुत्र्याला स्थान आहे. खंडोबाच्या अनेक मूर्तींत व टाकांवर घोड्याबरोबर कुत्रा दाखवलेला असतो. संभाजीनगरलगतच्या सातारा गावातील खंडोबाचे देवस्थान या भागात विशेष प्रसिद्ध आहे.

संस्थानी काळात शिकार हा सरदार-दरबारी मंडळींचा प्रतिष्ठेचा छंद होता. कोल्हापूर संस्थानात शिकवलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार केली जाई. औरंगाबाद परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता व तेथेही उमराव वर्गात हा छंद होता. मुंबई राज्यात १९५१ मध्ये वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा झाला, परंतु परवाना घेऊन शिकार करण्याची मुभा त्यानंतरही होती. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. कुत्रे, चित्ते व बंदुका यांच्या शिकारीने माळरानावरील प्राण्यांवर पडलेला भार त्यापूर्वीच दिसू लागला होता.

फासेपारधी व अन्य भटक्या समाजांची शिकार दरबारी शिकारीहून वेगळी होती. ती उपजीविकेसाठी, फासे व जाळी वापरून आणि सोबतीच्या कुत्र्यांच्या मदतीने केली जाई. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली यांपैकी अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. मात्र संशयाची नजर कायम राहिली. पुढे शिकारबंदीमुळे त्यांचे परंपरागत साधनही गेले, आणि पर्यायी रोजगाराचा प्रश्न वन्यजीव संरक्षणाच्या चर्चेत बराच काळ मागे पडला.

देशी जाती

कारवान ही महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील प्रमुख शिकारी जात आहे. निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि लांब, काटक पाय ही तिची लक्षणे होत. व्यापारी तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर, फिरणारा कुत्रा या अर्थाने हे नाव पडले, असे सांगितले जाते. कान, पाय व शेपटीवर लांब केस असलेल्या प्रकारास पश्मी म्हणतात. मराठवाड्यात, विशेषतः लातूर परिसरात, या कुत्र्यांच्या पैदाशीची परंपरा आहे.

मुधोळ संस्थानचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांच्या पैदाशीला प्रोत्साहन दिले. त्यांनी ब्रिटनचा राजा पाचवा जॉर्ज यास एक जोडी भेट दिल्याची कथा प्रसिद्ध असून त्यातूनच ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले, असे मानले जाते. केनेल क्लब ऑफ इंडिया या जातीची नोंद ‘कॅराव्हान हाउंड’ या नावाने करतो. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये चार देशी जातींवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळ हाउंडचा समावेश होता. पुढे भारतीय सैन्यानेही या जातीच्या कुत्र्यांना प्रशिक्षण दिले.

दूरचित्रवाणीवरील शिकार

अमेरिकेत एबीसी वाहिनीवरील ‘द अमेरिकन स्पोर्ट्समन’ (१९६५–१९८६) या मालिकेने शिकार व मासेमारी हा दूरचित्रवाणीचा लोकप्रिय विषय बनवला. पुढे केवळ या छंदांना वाहिलेल्या वाहिन्या निघाल्या. बदकांच्या शिकारीची साधने बनवणाऱ्या एका कुटुंबावरील ‘डक डायनेस्टी’ (२०१२–२०१७) या मालिकेला मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. भारतात शिकारच बेकायदेशीर असल्याने असे कार्यक्रम येथे तयार होत नाहीत. मात्र त्यांतील दृश्ये भ्रमणध्वनीवर सहज पाहता येतात, आणि त्यांच्या अनुकरणाने स्थानिक चित्रफितीही तयार होतात.

या कार्यक्रमांवरील आक्षेप पुढीलप्रमाणे मांडले जातात :

* अर्ध्या तासाच्या भागात यशस्वी नेम तेवढे दिसतात. तासन्‌तास वाट पाहणे, रिकाम्या हाताने परतणे, जखमी होऊन निसटलेले जनावर आणि त्याचा घ्यावा लागणारा शोध हे सारे संकलनात गळून जाते.
* कुत्र्याच्या प्रशिक्षणामागील महिन्यांचे कष्ट न दाखवल्याने कोणताही कुत्रा आपोआप शिकारीस तयार होतो, असा समज पसरतो.
* चित्रीकरणाच्या सोयीसाठी माणसे व कुत्री दाटीवाटीने उभी केली जातात आणि बंदुकीच्या नळीची दिशा दुय्यम ठरते.
* त्या देशांतील हंगाम, परवाने, संख्यामर्यादा व सक्तीचे सुरक्षा-शिक्षण यांचा संदर्भ वगळून केवळ थरार प्रेक्षकापर्यंत पोहोचतो.

शेवटचा आक्षेप भारतीय प्रेक्षकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. जे कृत्य पडद्यावर परवानाधारकाचा छंद म्हणून दिसते, तेच संभाजीनगर जिल्ह्यातील माळावर तुरुंगवासास पात्र असा गुन्हा ठरते.

भारतात चित्रपटांसाठी प्राण्यांचा वापर करताना २००१ च्या सादरीकरण करणाऱ्या प्राण्यांविषयीच्या नोंदणी नियमांचे पालन करावे लागते. हौशी चित्रफितींचे कर्ते असे नियम बहुधा जाणतच नाहीत.

कुत्र्यांची हाताळणी व सुरक्षितता

ज्या देशांत बंदुकीसह शिकार कायदेशीर आहे, तेथे कुत्र्याच्या शिक्षणात ‘स्थिर राहणे’ हा पहिला धडा मानला जातो. पक्षी उडाला किंवा गोळी सुटली, तरी हुकूम मिळेपर्यंत कुत्र्याने जागा सोडू नये, अशी अपेक्षा असते. अशिक्षित कुत्रा पक्ष्यामागे उडी घेतो व नेमक्या त्याच क्षणी गोळीच्या रेषेत येतो. म्हणूनच जमिनीलगत उडणाऱ्या पक्ष्यावर किंवा कुत्रा दिसत नसताना गोळी न झाडणे, कुत्र्यास ठळक रंगाचा अंगरखा घालणे आणि कुत्र्याला साखळी बांधताना वा गाडीत चढवताना बंदूक रिकामी करणे हे मूलभूत नियम होत.

भरलेली बंदूक कुत्र्याजवळ ठेवण्याचा धोका काल्पनिक नाही. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस राज्यात गाडीच्या मागील आसनावर ठेवलेल्या रायफलीवर कुत्र्याचा पाय पडून गोळी सुटली आणि पुढे बसलेल्या माणसाचा मृत्यू झाला. बंदुकीचा आवाज साधारणतः १४० डेसिबलपेक्षा अधिक असतो. जवळून वारंवार ऐकल्यास माणसाप्रमाणे कुत्र्याच्या श्रवणशक्तीचीही कायमची हानी होऊ शकते.

महाराष्ट्रातील चोरट्या शिकारीत यांपैकी कोणतीही खबरदारी संभवत नाही. ती बहुधा रात्री, डोक्याला विजेरी लावून, ठासणीच्या किंवा विनापरवाना बंदुकीने होते. जानेवारी २०२५ च्या अखेरीस पालघर जिल्ह्यातील बोरशेतीच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीस गेलेल्या गटातील एकाने डुक्कर समजून आपल्याच सोबत्यांवर गोळी झाडली. या घटनेत जीवितहानी झाली.

रानडुकराच्या अंगावर कुत्री सोडल्यास सुळ्यांनी त्यांची पोटे फाटतात. उन्हात दीर्घ पाठलाग केल्याने उष्माघात होतो. डुकरांसाठी पेरलेले गावठी स्फोटक गोळे कुत्री व गुरे यांच्याही तोंडात फुटतात. लस न दिलेल्या कुत्र्यांकडून रेबीज व डिस्टेंपर हे रोग लांडगा, खोकड यांसारख्या वन्य प्राण्यांत पसरू शकतात. जखमी कुत्र्यास पशुवैद्याकडे नेले तर गुन्हा उघड होईल, या भीतीने त्याच्यावर उपचारच होत नाहीत. त्यामुळे या शिकारीत हरणाइतकाच कुत्राही बळी ठरतो.

कायदेशीर स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कलम ९ नुसार अनुसूचित वन्य प्राण्यांच्या शिकारीस मनाई आहे. १९७२ च्या मूळ अधिनियमात शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने वगळण्यात आली. कलम २(१६) मधील ‘शिकार’ या संज्ञेची व्याप्ती मोठी आहे. ठार मारणे किंवा विष घालणे यांबरोबरच पकडणे, कुत्र्यांकरवी पाठलाग, फासे व सापळे लावणे, हाकणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे यांचा तीत अंतर्भाव होतो. म्हणून सशामागे कुत्रा सोडला आणि ससा निसटला, तरीही गुन्हा पूर्ण होतो.

काळवीट, चिंकारा व घोरपड हे प्राणी अनुसूची १ मध्ये आहेत. त्यांच्या शिकारीस किमान तीन ते कमाल सात वर्षे कारावास व किमान २५,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे. अनुसूची २ मधील प्राण्यांच्या बाबतीत तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. दंडाच्या या रकमा २०२२ च्या दुरुस्तीने वाढवण्यात आल्या असून ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली.

पिकांची नासाडी करणाऱ्या अनुसूची २ मधील प्राण्यांबाबत कलम ११ नुसार प्राधिकृत अधिकारी लेखी आदेशाने परवानगी देऊ शकतो. असा आदेश विशिष्ट प्रसंगापुरता असतो. शस्त्र अधिनियम, १९५९ खाली पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो; परंतु तो शस्त्र बाळगण्याचा परवाना आहे, शिकारीचा नव्हे. या दोहोंची गल्लत हे अनेक गुन्ह्यांमागील कारण असते.

करमणुकीसाठी एका प्राण्यास दुसऱ्याच्या अंगावर सोडणे हे प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ खालीही दंडनीय आहे. मात्र पहिल्या गुन्ह्यास त्यातील दंड १० ते ५० रुपये एवढाच असल्याने त्याचा धाक अत्यल्प आहे. तुलनेसाठी, इंग्लंड व वेल्समध्ये कुत्र्यांच्या साहाय्याने वन्य सस्तन प्राण्यांची शिकार करण्यास २००४ च्या कायद्याने, फेब्रुवारी २००५ पासून, काही अपवाद वगळता बंदी आहे.

छत्रपती संभाजीनगर परिसर

कन्नड तालुक्यातील गौताळा औट्रमघाट अभयारण्य (स्थापना १९८६) हे संभाजीनगर व जळगाव जिल्ह्यांच्या सीमेवर सुमारे २६० चौरस किलोमीटर क्षेत्रात पसरलेले आहे. पैठणजवळील जायकवाडी पक्षी अभयारण्यही १९८६ मध्येच घोषित झाले. हिवाळ्यात तेथे स्थलांतरित पाणपक्षी येतात. संरक्षित क्षेत्राबाहेरील गायराने, माळ व पडीक जमिनी येथेही ससे, चिंकारा व काळवीट आढळतात. शिकारबंदी अभयारण्यापुरती मर्यादित नसून शेतात व गायरानातही तितकीच लागू आहे.

रोही (नीलगाय) व रानडुक्कर यांच्याकडून होणारे पिकांचे नुकसान ही येथील शेतकऱ्यांची खरी अडचण आहे. अशा नुकसानीसाठी शासकीय भरपाईची तरतूद आहे. चोरट्या शिकारीची किंवा जखमी वन्य प्राण्याची माहिती महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर देता येते.

सद्यस्थिती व पर्याय

मराठी साहित्यात शिकारीच्या छंदाकडून निरीक्षणाकडे झालेला प्रवास व्यंकटेश माडगूळकर यांच्या लेखनात दिसतो. वनाधिकारी मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या ग्रंथांनी वन्यजीवनाची ओळख बंदुकीविना करून दिली.

कारवान व पश्मी या जातींचे भवितव्य शिकारीवर अवलंबून नाही. शेताची व घराची राखण, सुरक्षा दलांतील काम, श्वान प्रदर्शने आणि जिवंत भक्ष्याऐवजी ओढलेल्या कापडामागे धावण्याचा सराव हे त्यांच्या गुणांस वाव देणारे कायदेशीर मार्ग आहेत. पैदास व विक्री करणाऱ्यांना २०१७ च्या श्वान पैदास व विपणन नियमांनुसार नोंदणी करावी लागते. वेगासाठी घडलेल्या या कुत्र्यांना रोज मोकळे धावण्याची गरज असते. मात्र वन्य प्राण्यांचा वावर असलेल्या माळावर त्यांना साखळीविना सोडणे टाळणे ही मालकाची जबाबदारी आहे.

हे सुद्धा पहा

* कारवान हाउंड
* वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२
* गौताळा औट्रमघाट अभयारण्य
* फासेपारधी
* मानसोल्लास