चित्रातल्या मुंबईत आपला कापूस



उंच खांब, कमानीखालची सावली, रस्त्यावर एखादी पालखी. जुन्या मुंबईची अशी चित्रं हल्ली कॅलेंडरांवर आणि हॉटेलांच्या भिंतींवर सर्रास दिसतात. ती काढणारे बहुतेक साहेबच. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची मुंबई बेटाची बारा दृश्यं १८०० साली प्रसिद्ध झाली. पण १८२६ चा संच जोसे गोन्साल्विस या गोव्याच्या चित्रकाराचा आहे आणि तो शिळाप्रेसवर छापलेला आहे. दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, वरून शाई फिरवायची. शाई फक्त खडूच्या रेघांना धरते. पाचच वर्षांनी, १८३१ मध्ये, गणपत कृष्णाजींनी याच तऱ्हेने मराठी पंचांग छापलं. साहेबाच्या दिवाणखान्यातलं चित्र आणि आपल्या पूर्वजांच्या देवघरातलं पंचांग, दोन्ही अशा दगडावरूनच उतरली!

ही चित्रं विकत घेणारा माणूस बहुधा विलायतेला परतणारा. त्याला आपलं चर्च, आपली कचेरी, आपला बंगला ओळखता यायला हवा. म्हणून इमारतीचा खांब न् खांब नीट, आणि आपली माणसं मात्र शोभेपुरती, पाठमोरी. मला तरी या चित्रांतला रस्ता नेहमी जरा जास्तच झाडलेला वाटतो.

प्रत्यक्षात कोटातल्या सेंट थॉमस चर्चसमोरच्या मैदानावर कापसाच्या गाठींचे ढीग पडलेले असत. १८४४ साली हा कापूसबाजार कुलाब्याला हलवला. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं (१८६१ ते १८६५), तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि इकडे भाव आभाळाला भिडले. लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाने १८६२ साली मुंबईच्या रेल्वे स्थानकावर पडलेल्या गाठींचं चित्र छापलं. मला या साऱ्या चित्रांत तेच सगळ्यांत खरं वाटतं.

त्या गाठी कुठल्या? काही गुजरातच्या, काही वऱ्हाडच्या आणि काही आपल्या खानदेशच्या. त्या तेजीत जळगाव कापसाची मोठी पेठ झालं. तापीच्या अलीकडच्या आपल्या चोपड्याच्या माणसाला माल गाडीत भरून आधी नदी ओलांडावी लागे, मग रेल्वे. त्याच तेजीच्या दिवसांत सेंट थॉमससमोरच्या मैदानाचं कमानींचं गोल चक्कर झालं, आजचं हॉर्निमन सर्कल. कापसाच्या व्यापारात गब्बर झालेल्या प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून १८७८ साली राजाबाई टॉवर पुरा झाला. सहलीला गेल्यावर आपण मान वर करकरून पाहतो तो हाच. त्याच्या दगडात काळ्या मातीचा थोडा पैसा आहे, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

खानदेशातही साहेबाने रस्ते आखले. कॅप्टन ब्रिग्जने १८१९ मध्ये नवं धुळे वसवलं. तिथले सरळ रस्ते आजही लगेच ओळखू येतात. पण दिवाणखान्यात लावायला लोकांना मुंबईच हवी होती. इकडे वळणारे चित्रकार अजिंठा-वेरूळच्या लेण्यांपाशी थांबत. बाजाराच्या दिवशीची चोपड्याची पेठ, जिनाबाहेरची गाड्यांची रांग यांची गिऱ्हाइकी कोण करणार?

तेव्हा ज्यांच्या घरी पेठेचे, जिनाचे, शाळेच्या जुन्या इमारतीचे फोटो असतील, त्यांनी मेळाव्याला येताना ते घेऊन यावेत. मागच्या बाजूला जागा आणि साल पेन्सिलीने लिहा. पेनाची शाई पुढे उमटते.