बोलते करण्याची घाई

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतींचे विसर्जन करून उशिरा परतलेली माणसे गाढ झोपेत होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशी तिकडची घरे. ती झोपलेल्यांच्या अंगावरच बसली. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांतली ५२ गावे पुढे नव्या जागी वसवावी लागली. मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितली जाते.

आम्ही त्या वेळी पुण्यात, मार्केट यार्डाजवळच्या एका शाळेत सातवीत शिकत होतो. दिवाळीच्या सुटीनंतर आमच्या वर्गात एक नवा मुलगा आला. त्याचे काका भुसार बाजारात हमाली करीत. त्यांनी त्याला गावाकडून आणले होते. आमच्या वर्गशिक्षिका बाई मायाळू होत्या, हे आधीच सांगितले पाहिजे. मन मोकळे केले की माणूस हलका होतो, असे त्यांना मनापासून वाटत असे. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी त्याला वर्गापुढे उभे केले आणि म्हणाल्या, "सांग बाळा, काय काय झालं ते. आम्ही सगळे तुझेच आहोत."

त्याने सांगितले. धडा वाचून दाखवावा तशा सपाट आवाजात सांगितले. कोणाला आधी बाहेर काढले, कोणाला नंतर, कोणाचा आवाज दुपारपर्यंत येत होता. बाई रडल्या, काही मुलीही रडल्या. तो रडला नाही. जाग्यावर जाऊन बसला. त्यानंतर चार दिवस तो शाळेत आला नाही. पुन्हा आला तेव्हा बाईंचे लक्ष आपल्याकडे वळले असे वाटताच खाली मान घालू लागला. बाईंचे काय चुकले हे आम्हाला तेव्हा कळले नाही, आणि बाईंनाही कळले नसावे. किंबहुना त्या काळी जगातल्या पुष्कळ तज्ज्ञांचेही मत बाईंच्या मताहून फारसे वेगळे नव्हते. ते मत कसे तयार झाले आणि कसे बदलले, हा इतिहास शिक्षकांनी जाणून घ्यावा असा आहे. कारण आपत्ती आली की मुले पहिल्यांदा शाळेतच परत येतात.

या इतिहासाची सुरुवात बहुधा अमेरिकेतील बोस्टन शहरातून सांगतात. २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री तेथील 'कोकोनट ग्रोव्ह' या करमणूकगृहाला आग लागून ४९२ माणसे दगावली. एरिक लिंडेमान या मानसोपचारतज्ज्ञाने वाचलेल्यांची आणि मृतांच्या नातलगांची तपासणी केली व १९४४ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. शोक ही केवळ मनात घडणारी गोष्ट नाही, तिला शरीर असते, हे त्याने नेमकेपणाने नोंदवले: घसा आवळल्यासारखा होणे, सुस्कारे, पोटात पोकळी वाटणे, अंगात त्राण नसणे. त्याच्या जोडीला मी वाचलो याची टोचणी, आणि मदतीला आलेल्यांवरच निघणारा राग. लाटेसारखे हे सारे येते आणि ओसरते.

शोकातून वाट काढायला आठ-दहा भेटी आणि चार ते सहा आठवडे लागतात, असा लिंडेमानचा अनुभव होता. प्रत्येकापाशी मानसोपचारतज्ज्ञ बसू शकणार नाही, म्हणून धर्मगुरू आणि समाजसेवक यांना या कामात घ्यावे, असेही त्याने सुचवले. पुढे लोकांच्या लक्षात राहिले ते एवढेच, की दुःख दाबू नये, बोलून टाकावे. आठ-दहा भेटींचा भाग गळून गेला. विज्ञानातल्या कल्पनांच्या बाबतीत असे वारंवार होते. सोपा अर्धा भाग प्रवासाला निघतो आणि अवघड अर्धा मागे राहतो.

१९८३ मध्ये जेफ्री मिचेल या अमेरिकन गृहस्थांनी एक पद्धत मांडली. ते स्वतः अग्निशमन दलात आणि रुग्णवाहिकेवर काम केलेले, म्हणजे आपत्ती जवळून पाहिलेले होते. दुर्घटनेनंतर दोन-तीन दिवसांच्या आत संबंधितांना एकत्र बसवायचे, काय घडले, मनात काय आले, सर्वांत वाईट क्षण कोणता, हे क्रमाने वदवून घ्यायचे, अशी ही बैठक असे. मुळात ती मदत पथकातल्या जवानांसाठी होती. हळूहळू ती अपघातग्रस्त, पूरग्रस्त, भाजलेले रुग्ण अशा सर्वांनाच लागू करण्यात आली. बैठकीनंतर बहुतेक लोक 'बरे वाटले' असे सांगत, आणि तेवढ्यावरून ती उपयोगी आहे असे मानले जाई.

येथे शास्त्राच्या विद्यार्थ्याला शंका यायला हवी. बैठक घेतली नसती तर त्यांना बरे वाटले असते की नाही? तुलनेसाठी दुसरा गट कोठे आहे? असा गट ठेवून केलेला एक प्रयोग १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. भाजलेल्या १३३ रुग्णांपैकी काहींची अशी बैठक घेतली, काहींची घेतली नाही. कोणाची घ्यायची हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले. तेरा महिन्यांनी पाहिले तेव्हा बैठक झालेल्यांपैकी २६ टक्के लोकांत आघातोत्तर तणावाचा विकार आढळला. न झालेल्यांत ९ टक्के. बैठक झालेल्या गटातल्या जखमा मुळातच थोड्या अधिक गंभीर होत्या, त्यामुळे एवढ्या एका प्रयोगावर निवाडा देणे योग्य झाले नसते. पण रस्त्यावरच्या अपघातांतील रुग्णांना तीन वर्षांनी पाहिले तेव्हाही सूर तोच निघाला: सुरुवातीला फार हादरलेल्या ज्या रुग्णांची बैठक घेतली, तेच मागे राहिले होते. २००२ साली अशा सर्व प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला आणि सक्तीची एकदाच घेतलेली बैठक बंद करावी असा निष्कर्ष निघाला.

असे का व्हावे? एक स्पष्टीकरण असे, की पहिल्या काही दिवसांत शरीर धोक्याच्या पवित्र्यात असते. छाती धडधडत असते, झोप नसते. त्याच अवस्थेत सर्वांत वाईट क्षण पुन्हा उगाळला की ती आठवण त्या धडधडीसकट अधिक पक्की होते. दुसरे असे, की बहुतेक माणसे आपापल्या माणसांत, आपापल्या गतीने सावरतच असतात आणि बाहेरच्याने लावलेली घाई त्यात व्यत्यय आणते. नेमके कारण कोणते यावर अजून चर्चा चालू आहे. मात्र याचा अर्थ बोलू पाहणाऱ्याला गप्प करावे असा मुळीच नाही. बोलायचे की नाही, कोणापाशी आणि केव्हा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आपल्याकडे हीच गोष्ट निराळ्या वाटेने, टंचाईच्या वाटेने कळली. डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर लक्षात आले, की इतक्या माणसांना पुरतील एवढे मानसोपचारतज्ज्ञच नाहीत. तेव्हा १९८५ मध्ये तेथल्या दवाखान्यांतील साध्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनाच प्रशिक्षण देण्यात आले. बंगळूरच्या 'निम्हान्स'मधील डॉ. श्रीनिवास मूर्ती यांचा या कामात मोठा वाटा होता. रुग्ण 'मला दुःख झाले आहे' असे म्हणत नाही. तो डोके दुखते, अंगात ताकद नाही, जीव लागत नाही म्हणतो. ते ऐकून केवळ गोळी लिहून न देता 'झोप कशी लागते?' असे विचारण्याइतके भान डॉक्टरला यावे, हे त्या शिक्षणाचे सार होते.

किल्लारीनंतर पुण्याचा संबंध आला. डॉ. मोहन आगाशे (नाटकवेड्यांना ते 'घाशीराम कोतवाल'मधले नाना फडणवीस म्हणून अधिक ठाऊक) यांच्या पुढाकाराने पुण्यात स्थापन झालेल्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा दीर्घ अभ्यास हाती घेतला. सुरुवातीच्या काळात तपासलेल्या एका लहान गटात निम्म्याहून अधिक लोकांना कोणता ना कोणता मानसिक त्रास होता. पण आकड्यांपेक्षा आम्हाला महत्त्वाचे वाटते ते तेथे मदतनिसाच्या अंगी काय असावे लागले, ते.

पहिली गोष्ट भाषेची, आणि भाषेमागच्या रीतीची. किल्लारीत पावसात सामुदायिक दहने करावी लागली. कित्येकांना आपल्या माणसाचे तोंड पाहता आले नाही, दहावा-तेरावा राहून गेला. हे न कळणारा मदतनीस 'आता पुढचा विचार करा' म्हणतो आणि समोरचा माणूस मिटतो. दुसरी गोष्ट निरुपयोगी वाटण्याची तयारी. आलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला भिजत पडले होते, हे तेथे गेलेल्या प्रत्येकाने पाहिले. आपण काहीतरी करीत आहोत याचे समाधान देणाऱ्याला हवे असते. ती गरज आवरता येणे हा या कामातला सर्वांत दुर्मीळ गुण असावा, असे आमचे मत आहे.

तिसरी गोष्ट माहितीची. घरांच्या दुरुस्तीच्या सरकारी योजनेत गावोगावच्या महिला मंडळांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने हे काम उभे करण्यात भाग घेतला. दुरुस्तीचे पैसे कधी मिळणार, भिंत कशी बांधली तर पडणार नाही, हे सांगणे एवढेच त्यांचे अधिकृत काम होते. बऱ्याच वर्षांनी भूजलाचे नमुने घेण्यासाठी आम्ही त्या भागात गेलो असता असे काम केलेल्या एका बाई भेटल्या. त्या म्हणाल्या, "रडू नका असं आम्ही कुणाला म्हणलंच नाही. हप्ता कधी येणार ते सांगायचो. ठाऊक नसलं तर ठाऊक नाही म्हणायचो, आन् पुढच्या बुधवारी विचारून यायचो. बुधवारी मात्र जायचोच." मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात यालाच विश्वासार्हता म्हणत असतील.

२०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने 'मानसिक प्रथमोपचार' या नावाने जी पुस्तिका काढली, तिचे सूत्र तीन शब्दांचे आहे: पाहा, ऐका, जोडा. कोण धोक्यात आहे ते पाहा. सांगतील तेवढे ऐका, खोदून विचारू नका. आणि माणसांना त्यांच्या आप्तांशी, अन्नाशी, खऱ्या माहितीशी, लागल्यास डॉक्टरांशी जोडून द्या. शेवटच्या शब्दात आपली मर्यादा ओळखण्याचे कौशल्यही येते. आठवडे उलटले तरी जेवण-झोप नाही, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आहे, फेफरे किंवा मानसिक आजाराच्या चालू गोळ्या ढिगाऱ्यात गेल्या आहेत, अशा माणसाला मायेच्या शब्दांवर थांबवून ठेवणे धोक्याचे असते.

आमच्या वर्गातल्या त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. शाळेतले शिपाईमामा सहकारनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत राहत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा त्यांचे घर गेले होते. त्या काळी मनाची विचारपूस करायला कोणी येत नसे, आणि मामांनी त्याविषयी कधी काही सांगितलेले आम्हाला आठवत नाही. त्यांनी त्या मुलाला तासाची घंटा देण्याचे काम दिले. परवानगी विचारली होती की नाही, देव जाणे. घड्याळाकडे बघत तो लाकडी हातोडा घेऊन उभा राही. मोठेपणी तो भुसार बाजारातच एका गाळ्यावर दिवाणजी झाला. आम्ही भेटलो तेव्हा वर्गातल्या त्या प्रसंगाविषयी तो काहीच बोलला नाही, घंटेविषयी मात्र म्हणाला, "आता पुढं काय होणार हे दिवसभरात फक्त मलाच माहीत असायचं."

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि मार्केट यार्डापासून जवळच असलेल्या अरण्येश्वर, सहकारनगर या भागांत पाणी शिरले, भिंती पडल्या, माणसे गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिकडच्या एका शाळेत मदतीला गेलो. दोन तरुण कार्यकर्ते छापील तक्ते घेऊन फिरत होते. त्यात एक प्रश्न होता, 'त्या वेळी तुम्हाला काय वाटले?' बायका एकमेकींकडे बघत आणि 'काय वाटणार' म्हणत. पलीकडच्या वर्गात एक शिक्षिका बाकांवर वर्तमानपत्रे पसरून लोकांचे भिजलेले कागद वाळवीत होत्या: शिधापत्रिका, शाळा सोडल्याचे दाखले, गॅसचे पुस्तक. एक पान उलटायचे, खाली कोरडा कागद सरकवायचा, पुन्हा पुढचे. ज्यांचे कागद होते त्या बाई शेजारी बसून होत्या. कोणी न विचारता त्या बोलू लागल्या. पाणी कसे वाढले, दार कसे उघडेना, सासूबाईंना कसे वर चढवले. तासभर बोलत होत्या. शिक्षिका अधूनमधून 'हो का' म्हणत आणि पाने उलटत राहिल्या. मध्ये एकदाच हात थांबवून त्यांनी एक पान उजेडाकडे धरले आणि विचारले, "हा शिक्का वाचता येतोय का हो, बघा जरा."