तित्तराचें घरटें आणि शिकारीचा बंदीकाळ

यवतमाळ जिल्ह्यांतील माळरानांत तित्तराची मादी झुडपाखालीं जमीन किंचित् उकरून सहा ते नऊ अंडीं घालते. वीण मुख्यतः चैत्र-वैशाखांत सुरू होते. घरटें म्हणावें असें तेथें फारसें कांहीं नसतें. पाय पडण्याची वेळ येईपर्यंत तें दिसतहि नाहीं. अमेरिकेंतील रानटी टर्कीहि अशीच जमिनीवर अंडीं घालते; म्हणून तेथें वसंतांतील शिकार बहुधा नरापुरतीच असते.

ब्रिटिश हिंदुस्थानांत १८८७ च्या कायद्यानें विणीच्या काळांत रानपक्ष्यांच्या विक्रीस बंदी घालतां येऊं लागली. पण ती नगरपालिका व छावणी यांच्या हद्दीपुरती. कायद्याची नजर बाजारांतल्या टोपलीवर, रानांतल्या अंड्यांवर नव्हे! पक्षी मारण्याचाच बंदीकाळ ठरविण्याचा अधिकार १९१२ च्या कायद्यानें आला.

तित्तर आणि हरिण दोन्ही फांशांत धरणारे फांसेपारधी असल्या कागदांवर विसंबून नव्हते. गाभण हरिणी किंवा पाडस सांपडल्यास सोडून देण्याची त्यांची रूढि अभ्यासकांनीं नोंदविली आहे. पुढें १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्याची १९९१ ची दुरुस्ती यांमुळें पारध्याचा फांसा बाराहि महिने बेकायदा ठरला, आणि ती रूढि पाळण्यास प्रसंगच उरला नाहीं.