ओकलंडचा २००२ चा हंगाम : संघबदलाचा खरा हिशेब

दोन हंगामांच्या मधल्या काळात झालेली खेळाडूंची देवघेव फळाला आली की नाही, हे कशावरून ठरवायचे? पुढच्या हंगामातले विजय मोजणे सोपे आहे, पण त्यात फसगत होऊ शकते. अमेरिकेतील ओकलंड अ‍ॅथलेटिक्स या बेसबॉल संघाने २००१ मध्ये १०२ सामने जिंकले. मग तीन मोठे खेळाडू गेले आणि २००२ मध्ये विजय झाले १०३. स्वस्तातल्या खेळाडूंनी महागड्यांची उणीव पुरती भरून काढली, हा समज यातूनच रूढ झाला. तो तपासून पाहायला हवा.

१. काय गेले?

सहा वर्षांची सेवा झाली की खेळाडू कोणत्याही संघाशी करार करायला मोकळा होतो. या नियमाने जेसन जिआम्बी सात वर्षांच्या १२ कोटी डॉलरच्या करारावर यँकीजकडे गेला, जॉनी डेमन बोस्टनच्या रेड सॉक्सकडे आणि क्लोजर, म्हणजे अखेरच्या डावात चेंडू टाकणारा, जेसन इसरिंगहाउसन कार्डिनल्सकडे. ओकलंडचा वर्षाचा सगळा पगारखर्च ४ कोटी डॉलरच्या आसपास होता. यँकीजचा त्याच्या तिपटीहून जास्त होता.

२. काय आले?

सरव्यवस्थापक बिली बीन यांनी बेसवर पोहोचण्याचे प्रमाण हा निकष धरला, कारण फलंदाज बाद न होता बेसवर पोहोचला तरच धावांची शक्यता टिकते. २००१ मध्ये जिआम्बीचे प्रमाण ०.४७७ होते, डेमनचे अवघे ०.३२४. म्हणजे नाव मोठे असले तरी डेमनची उणीव तेवढी मोठी नव्हती. स्कॉट हॅटेबर्ग हा कॅचर कोपराच्या दुखापतीमुळे पूर्वीसारखा चेंडू फेकू शकत नव्हता, म्हणून त्याला फारशी मागणी नव्हती. ओकलंडने त्याला फर्स्ट बेसचे काम शिकवले. त्याचे प्रमाण ०.३७४ राहिले. उतारवयातला डेव्हिड जस्टिसही अशाच हिशेबाने आला, आणि इसरिंगहाउसनच्या जागी बिली कॉख हा नवा क्लोजर आला.

३. धावा काय सांगतात?

२००१ मध्ये ओकलंडने ८८४ धावा केल्या, ६४५ दिल्या. २००२ मध्ये ८०० केल्या, ६५४ दिल्या. केलेल्या धावांच्या वर्गाला केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागले, तर अपेक्षित विजयांचे प्रमाण मिळते. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांच्या या सूत्राने २००१ चे विजय येतात सुमारे १०६ आणि २००२ चे सुमारे ९७. म्हणजे संघ नऊ विजयांनी दुबळा झाला होता. विजयांच्या आकड्यात हे दिसत नाही, कारण तिथे एका धावेचा विजय आणि दहा धावांचा विजय सारखाच मोजला जातो. उदाहरणार्थ, ४ सप्टेंबर २००२ रोजी कॅन्सस सिटीविरुद्ध ११-० अशी आघाडी घेऊनही सामना ११-११ असा बरोबरीत आला. नवव्या डावात हॅटेबर्गच्या होमरनने १२-११ असा निकाल लागला आणि सलग विसावा विजय नोंदला गेला.

४. संघ कशावर टिकला?

दिलेल्या धावा केवळ नऊने वाढल्या, आणि त्याचे मोठे श्रेय पिचरना, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांना. टिम हडसन, मार्क मल्डर आणि बॅरी झिटो हे तिन्ही पिचर ओकलंडने स्वतःच ड्राफ्टमधून, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीतून, घेऊन घडवलेले होते. सहा वर्षे पूर्ण व्हायची असल्याने ते बाजारभावाच्या मानाने स्वस्तात मिळत होते. झिटोने त्या वर्षी २३ विजय मिळवून सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार पटकावला. लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला मिगेल तेहादाही ओकलंडच्याच तालमीतला. शिवाय गेलेल्या खेळाडूंच्या मोबदल्यात ड्राफ्टच्या जादा संधी मिळाल्या. डेमनच्या बदल्यात बोस्टनची संधी मिळाली आणि तिच्यातून निक स्विशर आला.

५. निष्कर्ष

जिआम्बीची जागा भरली गेली नाही. ती भरणे ओकलंडच्या खिशाला परवडणारेच नव्हते. बीन यांनी नुकसान नऊ विजयांवर रोखले आणि तरीही संघ स्पर्धेत राहील एवढा पाया घरच्या खेळाडूंवर आधीच रचलेला होता. बाद फेरीत मिनेसोटाकडून २-३ अशी हार झाली. पाच सामन्यांच्या मालिकेवरून या धोरणाचा निवाडा करता येत नाही. म्हणून संघबदल पारखताना तीन गोष्टी वेगळ्या मांडाव्यात: गेलेल्या धावा, आलेल्या धावा आणि आधीपासून घरात असलेले बळ. तिन्ही एकाच विजयसंख्येत मिसळल्या, तर नव्या खेळाडूंना भलतेच श्रेय मिळते आणि वर्षानुवर्षे खेळाडू घडवणाऱ्यांचे काम झाकले जाते.