निळाईतलं नाव

छंद म्हणजे रिकामपणचा उद्योग, असं आपण सहज म्हणून जातो. पण छायाचित्रांनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक मानतात, ते एका छांदिष्ट बाईंचं आहे. इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या ॲना ॲटकिन्स.

१७९९ चा त्यांचा जन्म. आई लवकर गेली. वडील शास्त्रज्ञ. त्यांनी अनुवादलेल्या शिंपल्यांवरच्या ग्रंथासाठी लेकीनं दोनशेहून अधिक चित्रं काढली. पुढं नाद लागला समुद्रातल्या शेवाळाचा. त्याचे धागे केसांहून नाजूक. हातानं काढायचे तरी कसे?

१८४२ मध्ये जॉन हर्शेल यांनी सायनोटाइपची कृती शोधली. लोहाचे दोन क्षार पाण्यात कालवून कागदाला लावायचे, कागद अंधारात वाळवायचा, वर शेवाळ पसरायचं, काच ठेवायची आणि उन्हात धरायचं. मग साध्या पाण्यात धुवायचं. ऊन लागलं तिथं गर्द निळा, दाट शेवाळाखाली पांढरा. आणि विरळ पात्यातून ऊन झिरपलं तिथं फिकट निळ्याच्या किती तरी छटा! कॅमेरा लागतच नाही.

ऑक्टोबर १८४३ मध्ये ॲनाबाईंनी पहिला भाग काढला. काम दहा वर्षं चाललं. एका पूर्ण प्रतीत जवळपास चारशे चित्रं, आणि प्रत्येक प्रतीसाठी प्रत्येक चित्र नव्यानं उन्हात धरलेलं. या प्रती त्यांनी स्नेह्यांना आणि संस्थांना दिल्या. पुढं बालपणीच्या मैत्रिणीबरोबर, ॲन डिक्सन यांच्याबरोबर, नेच्यांचीही अशीच चित्रं केली.

प्रस्तावनेखाली मात्र दोनच अक्षरं होती : ए. ए. पुढं एका अभ्यासकानं त्यांचा अर्थ लावला, 'ॲनॉनिमस अमॅच्युअर', म्हणजे कुणी अनामिक हौशी! ज्यांचं अक्षर पानापानावर होतं, त्यांचं नावच हरवलं होतं. ते नंतर सापडलं.

त्याच कृतीवर पुढं इमारतींचे नकाशे निघाले आणि 'ब्लूप्रिंट' हा शब्द घरोघर पोचला. आज हौशी मंडळी याच निळाईत पानं-फुलं उमटवतात, काचेखाली बसवून गळ्यातली पदकं करतात. कितीकांच्या घरातल्या बायकांनी असंच भरतकाम केलं, मणी ओवले, गोधड्या शिवल्या. त्या वस्तू पेटीत जपल्या जातात. करणारीचं नाव कुणी लिहून ठेवत नाही. मंडळी, आज घरी अशी एखादी वस्तू असेल तर तिच्यामागं चिठ्ठी लावा : कुणी केली, केव्हा केली. ऊन आपलं काम करतंच; नाव लिहिणं आपल्यालाच करावं लागतं.